बसलेल्या आबांचं माप

सांगते, सांगते! पण आधी कपबशा खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकीनं तोंडातला चहा थेट माझ्या ओढणीवर उडवला होता. आणि दुसरं म्हणजे, मी माफी मागितलेली नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. फजिती झाली, मान्य. गावभर झाली, तेही मान्य. पण मुद्दा माझाच बरोबर होता. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी आत्ताच उठावं.

कुणी उठत नाही? बरं.

तर, एका पोरीनं आपल्या जिवंत आजोबांसाठी लोखंडाची समाधी आणली, असं तलवाड्यात अजून सांगतात ना, ती पोरगी म्हणजे मी. आजोबा जिवंत म्हणजे कसे? धडधाकट! रोज सकाळी ठेच्याशी ज्वारीची भाकरी मोडणारे!

आणि मी काय आणत होते? घर! स्वतःचं, राहायचं घर!

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. देशाची दारं उघडली म्हणे. औरंगाबादच्या रस्त्यांवर परदेशी कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, बीडच्या दुकानांत रंगीत टीव्ही मांडले होते, चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या आल्या होत्या. आमच्या गावात लाईट मात्र पूर्वीसारखीच होती. मनात आलं तर यायची, मनात आलं तर जायची. अशा वेळी मी औरंगाबादहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. होऊन परत आले. बरोबर एक सूर्यावर चालणारा कंदील, आणि डोक्यात आग.

आमचं घर किराणा दुकानाच्या मागं. दुकानाच्या ओट्यावर रोज घरातल्या मोठ्यांची बैठक. आमच्याकडं ओढणीचा रंगसुद्धा त्या बैठकीतून मंजूर व्हावा लागतो. बैठकीचे अध्यक्ष थोरले काका, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. माझे बाबा त्यांचे धाकटे भाऊ. त्यामुळं बाबांचं मत म्हणजे अण्णांचंच मत, फक्त जरा हळू आवाजात. आणि सगळ्यांच्या वर आबा, माझे आजोबा. सहा फूट उंच, पांढरी टोपी, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. ओसरीवर मांडी घालून बसले की शेजारचा खांब जरा वाकलाय असं वाटायचं.

त्या वर्षी बैठकीपुढं विषय एकच. शैलाचं लग्न. शैला म्हणजे मी. लातूरचं स्थळ, सिमेंटची एजन्सी, दिवाळीनंतर बघायला येणार. ही बातमी मला कुणी सांगितली माहिताय? दुकानात साबण घ्यायला आलेल्या एका बाईनं!

मला लग्नाचं वावडं नव्हतं. मला न विचारण्याचं होतं.

आणि मला काम होतं हो! मी गावोगाव फिरून सौरकंदील आणि सौरचूल दाखवायचे, विकायचे, बिघडले तर दुरुस्त करायचे. लोक काय म्हणायचे? "बाई, ह्ये चांगलं हाय, पण तुमच्या घरी तर तारंचीच लाईट हाय की!" म्हणून मी ठरवलं की एक घर उभं करायचं, ज्याला वीज बोर्डाची तार नाही, नळ नाही, बिल नाही. छपरावर सौरपट्ट्या, मागं गोबरगॅस, पावसाचं पाणी टाकीत. लोकांनी यावं, बटण दाबावं आणि गप्प बसावं.

घर कशाचं? त्याचं उत्तर मला एका साखर कारखान्याच्या आवारात सापडलं. परदेशातून कसलं तरी मशीन आलं होतं, एका भल्यामोठ्या लोखंडी पेटीतून. कंटेनर. बोटीवर एकावर एक रचतात ते. मशीन आत गेलं, पेटी बाहेर पडून. आत कोंबड्यांचा संसार. मी कारखान्यात गेले होते कंदील दाखवायला. कंदील राहिला बाजूला, मी कोंबड्या हाकलून आत जाऊन उभी राहिले. खाली जाड फळ्या, चारी बाजूंना लोखंड. शेजारच्या जिल्ह्यात भूकंप होऊन गेल्यापासून आमच्याकडं माळवदाखाली झोपताना लोक आधी वर बघायचे. हे पडणार नाही, खचणार नाही, वाळवी लागणार नाही!

"हे घर आहे!" मी ओरडले.

"मॅडम, ते भंगार आहे," मॅनेजर म्हणाले.

"मग भंगाराच्याच भावात द्या!"

दिलं की! वर कारखान्याची क्रेनसुद्धा पाठवतो म्हणाले. बहुतेक मी लवकर जावं म्हणून.

राहिली जागा. गावाबाहेर आमचा माळ आहे, आबांच्या नावावर. मी सरळ आबांपुढं जाऊन उभी राहिले.

"आबा, माळावरचा कडुलिंबाखालचा कोपरा मला द्याल?"

"कशाला गं?"

"आहे एक काम. उभं राहिलं की दिसेल."

"घे."

बघा, आबा हे असे. बैठकीला विचारलं असतं तर निकाल लागून कंटेनर तिथं न्यायला माझे नातूच उरले असते. म्हणून मी घरात कुणाला अवाक्षर बोलले नाही. आईलासुद्धा नाही. एकदा लोखंड उभं राहिलं की कोण उचलतंय? अशी माझी युद्धनीती.

आता खिडक्या. कंटेनरला खिडक्या नसतात, त्या कापाव्या लागतात. माझं म्हणणं असं की घरात खुर्ची नको. जमिनीवर बसायचं, जमिनीवर जेवायचं, आणि बसल्या जागेवरून सगळा माळ दिसला पाहिजे. म्हणजे खिडकीची खालची कड बसलेल्या माणसाच्या हनुवटीला लागली पाहिजे. पण स्वतः मांडी घालून स्वतःची हनुवटी मोजून बघितलीय कधी? टेप एकीकडं जाते, मान दुसरीकडं.

आई चुलीपुढं होती. ओसरीवर आबा बसलेले. हलत नाहीत, बोलत नाहीत, ताठ. माप घ्यायला याहून चांगला माणूस कुठला मिळणार? आबा माझ्यापेक्षा चांगले हातभर उंच, हे माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नका. आलं! पण मी शिकलेली. मी हिशोब केला की माणसाची उंची असते पायांत. पाय दुमडले की संपलं.

"आबा, तुमचं माप घेऊ का जरा?"

"माझं? माझं कावून?"

"कुणाचंही चालतं. बसल्यावर सगळी माणसं सारखीच!"

आबांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "खरं हाय."

"हात मांडीवर ठेवा. डोळे समोर. हलायचं नाही."

जमिनीपासून हनुवटीपर्यंत माप घेतलं. मग म्हटलं, घेतेच आहे तर दिव्याची उंचीही ठरवून टाकू, म्हणून जमिनीपासून टोपीपर्यंत घेतलं. मग चटईची रुंदी, म्हणून या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत. पाठीमागं भिंतीत फडताळ करायचं होतं, म्हणून पाठीचंही. प्रत्येक माप मी मोठ्यानं म्हणत होते, विसरू नये म्हणून.

स्वयंपाकघराच्या दारात थोरल्या काकूंच्या हातातली परात पडली. दुकानातून अण्णा डोकावले, हातात शेंगदाण्यांचं माप तसंच. ओट्यावरची बैठक उठून दारात आली. मला वाटलं, माझी अचूकता बघून गार पडले.

आता जे तुम्हाला केव्हाच कळलंय, ते सांगते. ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. समाधी देतात, आपल्याच शेतात, बसवून. मांडी घातलेली, पाठ ताठ, हात मांडीवर. आणि खड्ड्यातली जागा काढतात ती बसलेल्या माणसाच्या मापानं. आमच्यात बसलेल्या माणसाचं माप घ्यायची वेळ एकदाच येते.

मला हे माहीत नव्हतं का? होतं! लहानपणापासून बघितलेलं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त खिडकी होती. डोक्यात खिडकी असली की बाकी काही आत येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. म्हणजे काय सांगू, अण्णा माझ्यावर ओरडायचे थांबले! मी उशिरा आले तरी "जेवून घे गं, माय" म्हणाले. अण्णा! काकूंनी माझ्या वरणावर न मागता तूप सोडलं. बाबा माझ्याकडं बघून डोळे पुसत दुकानात गेले. आणि बैठकीत ठरलं की लातूरच्या लोकांना सध्या थांबवा, घरात असं असताना बघण्याचा कार्यक्रम बरा दिसत नाही.

असं म्हणजे कसं? मी विचारलंच नाही! मी समजले, माझा निर्धार बघून शत्रूनं शस्त्रं टाकली. इतकी वर्षं यांच्याशी भांडले, आणि यांना हरवायला फक्त एक टेप लागली!

मग नांदूरघाटहून आत्या आली. आबांची लेक, बाबांची मोठी बहीण. बोचकं खाली न ठेवताच माझ्या गळ्यात पडली.

"शैले, पोरांना जे सुचलं न्हाई ते तुला सुचलं गं!"

"सुचलं खरं," मी म्हणाले. माणसानं कौतुक उगाच नाकारू नये.

"लोखंडाचं करतीस म्हणं? कारखान्यातली मान्सं सांगत हुती."

"लोखंडाचंच. बोटीतून आलेलं."

"बोटीतून! आबाचं नशीब मोठं."

यात आबांचं नशीब कुठून आलं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. पण मोठी माणसं बोलतात त्यातलं निम्मं मी ऐकायचेच नाही. ही माझी जुनी शिस्त.

आणि आबा? आबांनी आपली छत्री बाबांना दिली. चांदीची डबी आत्याला. भाकरी सोडून नुसतं दूध प्यायला लागले. मी म्हटलं, चला, या वयात कुणी तब्येतीकडं लक्ष देतंय. एकदा मला जवळ बोलावलं.

"शैला, पावसानं खचणार तर न्हाई ना? माझ्या थोरल्या भावाची खचलती. लई वाईट वाटलं बग तवा."

त्यांच्या थोरल्या भावाची काय खचली होती, समाधी की विहीर, ते मी विचारलं का? छे!

"आबा, लोखंड आहे. जन्मात खचणार नाही."

"आन् आतमधी लई गरम?"

"वरून पाचटाचं छप्पर घालणार. गार राहील."

"दिवा?"

"सूर्यावर चालणारा. तेल नको, वात नको. बोर्डानं लाईट घालवली तरी हा जळत राहणार."

आबांनी टोपी काढली, डोळे पुसले, परत घातली. "माझ्या एकाबी पोरानं इतका इचार केला न्हाई," म्हणाले.

मला भरून आलं हो! वाटलं, अख्ख्या घरात विज्ञान कळणारा हा एकच माणूस.

कंटेनर आला तो दिवस. ट्रेलरवर ती लाल पेटी, मागं कारखान्याची क्रेन, आणि त्यामागं निम्मं गाव. माळावर नारायणगडच्या जत्रेसारखी गर्दी. कडुलिंबाखाली कोपरा सारवलेला, रांगोळी घातलेली. मी काही सांगितलं नव्हतं! आमचे स्वामी शंख घेऊन हजर. पेटी क्रेननं उचलली तसा त्यांनी शंख फुंकला. पेटी खाली टेकली तसा अण्णांनी नारळ फोडला आणि लोखंडावर विभूतीची बोटं ओढली.

स्वामी माझ्याजवळ आले. "माय, तोंड कोणत्या दिशेला धरलंय?"

"स्वामीजी, दिशेबिशेचं काही मनात आणू नका. जिकडून वारा येईल तिकडं तोंड."

स्वामी अण्णांकडं वळून म्हणाले, "पोरगी धीट हाय."

एवढी गर्दी, एवढा मान, आणि समोर उभं माझं घर. अशा वेळी कुणाला भाषण सुचणार नाही? मला तर ते न बोलावताही सुचतं. मी कंटेनरच्या उंबऱ्यावर चढले.

"गावकरी मंडळी! आज इथं एक उभं राहिलं. हसणारे हसतील. पण लिहून ठेवा, काही वर्षांत या गावातल्या घराघरात असं एकेक असेल!"

लोक एकमेकांकडं बघायला लागले.

"आणि वय झाल्यावर कशाला? तरुणांनी पुढं यावं! नवरा-बायकोनं मिळून घ्यावं! पोराबाळांसकट आत जावं! एकदा आत गेलात की बिल नाही, बोर्ड नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही!"

पुढं बसलेल्या एका बाईनं आपलं लेकरू उचलून पदराखाली घेतलं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले आणि मागं न बघता गावाकडं निघाले. मी म्हटलं, जुन्या विचारांचे आहेत, जाऊ द्या!

खिडक्या कापायला गेवराईहून सलीमभाई आले होते, गॅस कटर घेऊन. माणूस हुशार, पण तोंड सारखं चालू. मी माप सांगितलं, त्यांनी खडूनं रेघ मारली. कटर पेटवला. मग परत विझवला.

"बाई, एक पुछू का? राग नका मानू."

"विचारा."

"म्या लई समाध्या बघितल्या. जाळ्या बसवल्या, दारं बसवली. पन खिडकी कुनी मागितली न्हाई. आबा एकदा आत बसल्यावर त्यास्नी बाहेरचं काय बघायचं हाय?"

"कोणते आबा?"

"ऐसा क्या करते बाई! तुमचे आबा. ते काय, हार घालून बसलेत."

मी वळून बघितलं.

कडुलिंबाखाली बाजेवर आबा बसले होते. दाढी गुळगुळीत, धोतर कोरं, कपाळभर विभूती, गळ्यात बेलाच्या पानांचा हार. आत्या वारा घालत होती. लोक एकेक करून पाया पडत होते. आणि आबा प्रत्येकाला सांगत होते, "नातीनं केलंय. शिकल्याली हाय."

त्या क्षणी माझ्या डोक्यात ती परात परत पडली. छत्री, डबी, दूध, तूप, सगळं एकापाठोपाठ एक जागेवर जाऊन बसलं. हनुवटीपर्यंत, टोपीपर्यंत, या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत. अरे देवा!

आता शहाणी पोरगी असती तर गप्प बसली असती. हळूच नंतर आईच्या कानात सांगितलं असतं. मी काय केलं? मी परत त्याच उंबऱ्यावर चढले आणि ओरडले, "ही समाधी नाही! हे घर आहे!"

अण्णा पुढं आले. "कुणाचं घर?"

"माझं!"

"तुजं? म्हंजी तू आन् कोन?"

"मी आणि मी!"

झालं! मघाशी सगळे पाया पडत होते, आता नुसता गोंधळ. काकू कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या. बाबा अण्णांकडं बघायला लागले, आपलं मत काय आहे ते कळावं म्हणून. स्वामींनी शंख झोळीत घातला. आत्याचा प्रश्न तर सगळ्यांत खास होता.

"म्हंजी आबा जानार न्हाईत? आन् मी घर बंद करून आलते की गं!"

"कुठं जानार हाय मी?" आबा बाजेवरून म्हणाले.

अण्णांनी क्रेनवाल्याला हाक मारली. "ए दादा, उचल ह्ये! जिथून आणलं तिथं टाक. आन् धाकल्या, लातूरला फोन लाव. म्हणावं, उद्याच्या उद्या या."

क्रेनचा हूक हलायला लागला. तेव्हा मात्र मी पेटले. आत गेले, फळ्यांवर मधोमध मांडी ठोकली आणि जे तोंडात आलं ते बोलले.

"उचला! माझ्यासकट उचला! बरोबर आहे अण्णा तुमचं. म्हाताऱ्या माणसाला मरायला जागा आणली तर नात गुणाची. वरणावर तूप! आणि तिनं स्वतःला जगायला जागा आणली तर नात वाया गेलेली? तुम्हाला समाधी चालते, शंख फुंकता, नारळ फोडता. खिडकी चालत नाही!"

क्रेनवाला हूक अर्ध्यात धरून थांबला. त्यानं असा कार्यक्रम आधी बघितला नसावा.

मग आबा उठले. गळ्यातला हार काढून आत्याच्या हातात दिला आणि सरळ कंटेनरच्या दाराशी आले. मी आत, ते बाहेर.

"शैला."

"काय आबा?"

"म्हंजी ह्ये माज्यासाठी न्हवतं?"

बघा, मी कुणाला घाबरत नाही. पण या प्रश्नाला घाबरले. मघाचं 'शिकल्याली हाय' कानात वाजत होतं. मी मान हलवली. नाही.

"मग माप माझं कावून घेतलंस?"

"बसल्यावर सगळी माणसं सारखी, म्हणून."

आबांनी सलीमभाईंच्या खडूच्या रेघेकडं बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. ते हसत होते! असे हसले, असे हसले, की टोपी पडली.

"आरं, म्या इतके दिस नुसत्या दुधावर काढले!" वळून काकूंना म्हणाले, "सूनबाई, आदी भाकरी आना. ठेचा आना. लई भूक लागलीया."

"आबा, पर ह्या पेटीचं काय?" अण्णा म्हणाले.

"ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे? गाव काय म्हनंल?"

"आन् माघारी नेली तर काय म्हनंल? आबाची समाधी आली, नारळ फुटला, शंख वाजला, आन् परत गेली. आबाला जागा मिळंना. हसं कुणाचं हुईल, तुजं का माजं?"

अण्णांनी बाबांकडं बघितलं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा आकाशाकडं बघितलं.

आबा फळीवर टेकले, दोन्ही पाय बाहेर सोडून. "ह्ये बग अण्णा. जागा बसायची हाय. म्या काय इतक्यात बसत न्हाई. तंवर पोरगी बसंल."

विषय संपला. आमच्या बैठकीच्या इतिहासात इतका छोटा निकाल दुसरा नाही.

म्हणजे कागदोपत्री मी माझ्या घरात राहत नाही बरं का. गावाच्या लेखी मी आबांच्या समाधीत तात्पुरती बसलेली आहे. बसू दे! तात्पुरती तर तात्पुरती.

लातूरकरांचं काय झालं विचारता? फोन त्यांचाच आला. निरोप अगदी सभ्य होता. मुलगी कर्तबगार आहे, आवडली असती, पण आमच्या घरात म्हातारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना भीती वाटतेय.

मी त्या दिवशी अख्ख्या घराला शिरा करून घातला. सौरचुलीवर! दुपार झाली शिजायला, पण शिजला.

मग खिडक्या कापल्या. सलीमभाईंनी कटर पेटवताना विचारलं, "बाई, माप तेच ना? परत एकदा बसून बघता का?" मी म्हटलं, "भाई, माप झालंय. बोलू नका, कापा." छपरावर सौरपट्ट्या चढल्या, पाचट अंथरलं, टाकी बसली, मागं गोबरगॅसचा खड्डा झाला. आणि एका सकाळी मी माझ्या घरात राहायला गेले. एक चटई, एक पातेलं, एक कंदील. दाराला आतून कडी. ती कडी मी लावून उघडून, लावून उघडून किती वेळा बघितली असेल! आयुष्यात पहिल्यांदा कडी माझ्या बाजूला होती.

चहा केला. कप घेतला. आणि ज्याच्यासाठी गावभर शोभा करून घेतली, त्या खिडकीपुढं मी मांडी घालून बसले.

समोर लोखंड.

मान वर केली. खिडकीची कड माझ्या भुवयांशी. वरून दिसत होतं आभाळ आणि त्यात एक घार. माळ नाही, विहीर नाही, रस्ता नाही. उजवीकडच्या खिडकीपुढं बसले. तिथंही आभाळ. तीच घार.

तेव्हा कळलं की माणसाची उंची नुसती पायांत नसते. पाठीत असते, मानेत असते, आणि आमच्या आबांच्या बाबतीत तर ती सगळीकडं असते. बी.एस्सी. फिजिक्स!

इतक्यात दारावर काठी वाजली. आबा. कपाळाला विभूती, हातात भाकरीचं फडकं. आत आले, इकडंतिकडं बघितलं, आणि नेमके माझ्या खिडकीपुढं मांडी घालून बसले. पाठ ताठ, हात मांडीवर. खिडकीची कड बरोबर हनुवटीला! जणू त्यांच्यासाठीच कापलेली. जणू कशाला, कापलेलीच!

"वा!" आबा म्हणाले. "काय दिसतंय गं!"

तेव्हापासून रोज सकाळी येतात. बसतात. त्यांना विहीर दिसते, रस्ता दिसतो, कुणाची म्हैस कुणाच्या रानात शिरली ते दिसतं. अण्णा माझी चौकशी करायला सायकलवरून निघाले की ते मला आधी आबांकडून कळतं. म्हणजे बघा, मोठ्यांच्या नजरेपासून लांब राहायचं म्हणून मी हे घर बांधलं, आणि त्याची एकूणएक खिडकी मोठ्यांच्या नजरेच्या उंचीला!

परवा रस्त्यावर कसली तरी गडबड ऐकू आली. माणसं ओरडत होती, ट्रॅक्टर थांबला होता. आबा खिडकीत हनुवटी टेकवून मजेत बघत होते, गालातल्या गालात हसत होते. मी मागून वाकले, गुडघ्यावर उभी राहिले, पाटावर पाट ठेवला, तरी खिडकीभर आबांचीच टोपी, पलीकडचं काही दिसेना.

"आबा, सांगा ना! काय झालंय तिकडं?"

आबांनी मानसुद्धा वळवली नाही.

"मला कावून इचारतीस? बस की तूबी. बसल्यावर सगळी माणसं सारखीच!"